स्क्रीन प्रिंट: काळं तिथे उघडं!

नमस्कार मंडळी! घरच्या घरी टी-शर्ट छापायच्या रील्सची सध्या लाट आलीय, आणि माझ्या कमेंटमध्ये एकच तक्रार: "ताई, सगळं केलं, पण स्क्रीन उलटीच आली. डिझाइनमधून शाई जात नाही, बाकी सगळीकडून जाते." आज याचाच निकाल लावू, आणि मग थोडा इतिहास.

साहित्य तुम्हाला माहीतच आहे. फ्रेम, तिच्यावर ताणलेली जाळी (पूर्वी रेशमाची, आता पॉलिस्टरची; हीच स्क्रीन), इमल्शन म्हणजे जाळीवर फासायचा उजेडाला लागणारा लेप, शाई, शाई ओढायचा रबरी स्क्वीजी. झालं.

आता नीट ऐका. इमल्शनवर उजेड पडला की ते कडक होतं. ट्रेसिंगवर, म्हणजे जाळीवर ठेवायच्या पारदर्शक कागदावर, तुमचं डिझाइन काळं, त्याच्याखाली उजेड पोचत नाही, म्हणून तिथलं इमल्शन कच्चं राहतं आणि पाण्यानं निघून जातं. काळं तिथे उघडं. पाठ करा!

अजून गोंधळ आहे? मग शाईकडून मागे या. शाई कुठून जाणार? भोकातून. भोक कुठे पडणार? जिथलं इमल्शन धुऊन निघालं तिथे. कुठलं निघालं? ज्याला उजेड मिळाला नाही ते. म्हणजे छापायचा भाग ट्रेसिंगवर काळाच हवा. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं ठेवलीत, तर पट्टी छापली जाणार आणि अक्षरं कोरी राहणार. स्क्रीन उलटी आलेली नसते, तुम्ही ट्रेसिंग उलटं काढलेलं असतं.

आमच्या गल्लीत लग्नपत्रिका छापणारे एक काका होते. धुतलेली स्क्रीन ते ट्यूबलाइटसमोर धरायचे. वधूवरांच्या नावातून लख्ख उजेड दिसला नाही, तर शाईचा डबा उघडायचेच नाहीत. परत पाणी मारायचे. रील्समध्ये नेमकी हीच दोन मिनिटं कापून टाकतात आणि वर गाणं लावतात! इमल्शन लावून वाळवायचं तेही अंधाऱ्या खोलीत, पिवळ्या दिव्याखाली. खिडकीत ठेवलंत तर सगळीच जाळी कडक होईल, मग धुऊन निघायला काही उरणारच नाही.

बरं, जाळी लागतेच कशाला? पुठ्ठ्यात "ठ" कापून बघा, पोटातला तुकडा गळून पडतो. जपानमध्ये कापड छापायला कातागामी नावाचे कागदी साचे असत, त्यात असे सुटे तुकडे बारीक रेशमी धाग्यांनी धरून ठेवायचे. जाळीवर साचा बसवला की हा प्रश्नच मिटतो. 1907 मध्ये मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमननं रेशमी जाळीतून छापायचं पेटंट घेतलं, पण पुढची बरीच वर्षं हे काम दुकानांच्या पाट्या आणि जाहिराती छापणाऱ्यांचंच राहिलं. 1930 च्या दशकात अमेरिकेत मंदी होती. बेकार चित्रकारांना सरकारी योजनेत काम मिळत होतं, आणि तिथे न्यूयॉर्कमध्ये अँथनी व्हेलोनिस या चित्रकारानं त्यांना स्क्रीनवर चित्रं छापायला लावलं. अवजड प्रेस लागत नाही, हा मोठाच फायदा. अमेरिकेचा प्रसिद्ध पॉप चित्रकार अँडी वॉरहॉल स्क्रीनकडे आला 1962 मध्ये. त्याच्यावर सगळेच बोलतात, मी पुढे जाते.

एकानं विचारलंय, रविवर्म्यांची देवादिकांची चित्रं स्क्रीन प्रिंटच ना? नाही हो! ती शिळाछपाई, दर रंगाला वेगळा दगड. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेला त्यांचा छापखाना पुढे मळवलीला गेला.

दगडावरून आठवलं. मे 1968, पॅरिस. विद्यार्थ्यांनी एकोल दे बोझार ही कलाशाळा ताब्यात घेतली, देशभर संप. पहिलं पोस्टर त्यांनी दगडावरच छापलं, पण रातोरात शहर भरायचं तर तो वेग पुरेना. मग स्क्रीन आल्या. मसुदा सभेपुढे ठेवायचा, तिथे पास झाला तरच छापायचा, आणि खाली कोणाची सही नाही. जूनच्या अखेरीस पोलिसांनी शाळा रिकामी केली.

मला यात आवडतं ते हे, की स्क्रीन करणं एकट्याला जमतं, पण शंभर पोस्टरं छापायला हात लागतात. एक शाई ओढतो, एक कागद सरकवतो, एक दोरीवर वाळत घालतो. त्यामुळे छापता छापता गट तयार होतो. लंडनमध्ये 1974 ला 'सी रेड विमेन्स वर्कशॉप' सुरू झालं. घरकामाला पगार नाही, दाद नाही, हा त्यांच्या पोस्टरांचा विषय, आणि सही इथेही नाहीच. त्याच दशकात पूर्व लॉस एंजेलिसमध्ये कॅरन बोकालेरो या ननबाईंनी मेक्सिकन वंशाच्या चित्रकारांबरोबर एका गॅरेजात 'सेल्फ हेल्प ग्राफिक्स' उभं केलं. पुढे त्यांनी व्हॅनमध्ये स्टुडिओ थाटून वस्तीवस्तीत फिरवला. या बाई स्क्रीन प्रिंट करणाऱ्या अमेरिकन चित्रकार कोरिटा केंटच्या विद्यार्थिनी, आणि शिकवत होत्या तेव्हा कोरिटाही ननच. म्हणजे "एवढीशी जागा, स्टुडिओ कसा करू" म्हणणाऱ्यांनी आता गप्प बसावं.

पुढच्या व्हिडिओत दोन रंग जुळवू. तोवर काम फसलं तर कमेंटमध्ये बिघडलेल्या टी-शर्टचा फोटो टाकू नका. धुतलेली स्क्रीन ट्यूबलाइटसमोर धरा आणि तिचा फोटो टाका, मला तिथेच कळेल काय चुकलंय ते.