सपाट वाट आखायची तर आधी पाणी बघा

मंडळी, डोंगर चढायचा असला की आपण तयारी करतो, आणि सपाट चाल म्हटलं की "त्यात काय, चालत सुटायचं" म्हणून निघतो. उदाहरण बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्याच खानापूर तालुक्याचं घेऊया. नंदगडहून हलशी आणि तिथून रानातनं नागरगाळी स्टेशन, नकाशावर वीसेक किलोमीटर, दम लागावा असा चढ नाही, मधे तळी, ओढे, भाताची शिवारं आणि बाकी सगळं जंगल. माझं सांगणं एवढंच की ही वाट किलोमीटर मोजून आखू नका, पाणी बघून आखा.

नेस्मिथ म्हणून एक स्कॉटिश गिर्यारोहक होता, त्यानं १८९२ साली हिशोब घालून दिला, ३ मैलांना, म्हणजे सुमारे ५ किलोमीटरला, एक तास आणि २००० फूट चढाईला आणखी एक तास. सपाटीवर चढाईचा भाग गळतो, मग लोक २० ला ५ नं भागतात आणि चार तासात पोचू म्हणतात. पण तळ्याकाठी चिखल असतो, ओढा जिथं उतरता येतो तिथंच उतरावा लागतो, बांधाला वळसा घालावा लागतो, आणि हे सगळं धरलं तर तासाला ३ किलोमीटर सुद्धा चांगला वेग झाला. म्हणजे नुसती चाल सात तास, वर जेवण, विश्रांती, पक्षी बघणं. डिसेंबरात आपल्याकडं उजेड जेमतेम अकरा तास, सातच्या सुमारास उजाडतं आणि सहा वाजले की रानात अंधार.

दुसरं म्हणजे, डोंगरात खिंड दिसते, माथा दिसतो, आपण कुठं आलोय ते कळतं. साग, मत्ती, नाणा यांच्या सपाट रानात चारी बाजूला एकसारखंच दिसतं. तिथं खात्रीची खूण म्हणजे पाणी. म्हणून मी नकाशावर आधी तळी मांडतो, मग ओढे, आणि वाट सगळ्यात शेवटी.

आता कुठल्या महिन्यात कुठं किती पाणी असेल हे बघायचं. तालुक्याच्या पश्चिमेला घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, बेळगावात १२०० ते १३०० च्या आसपास, आणि पूर्वेला जाल तसा आणखी कमी. मलप्रभा त्याच कणकुंबीला उगम पावून पूर्वेला वाहते. त्यामुळं एकाच तालुक्यात एक डबकं दिवाळीनंतर आटतं आणि दुसऱ्या तळ्यात उन्हाळ्यातही म्हशी डुंबतात. सॅटेलाइट नकाशावर ऑक्टोबरचं आणि फेब्रुवारीचं चित्र शेजारी ठेवून बघा, दोन्हीत जे पाणी दिसतं ते टिकाऊ. आणि रानातल्या गवळी धनगरांना विचारा की, त्यांची जनावरंच पाण्यावर, त्यांच्याएवढं खरं कोण सांगणार. तळ्याचा सांडवा कुठल्या अंगाला सुटतो तेही विचारून घ्या, कारण पाऊस लांबला तर तुमची पायवाट नेमकी तिथंच पाण्याखाली असते.

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतचा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो. चिखल आवळलेला असतो, तळी भरलेली असतात, अडई, कमळपक्षी, वंचक सगळे भेटतात, आणि सागाची पानं अजून झाडावर असतात म्हणून सावली मिळते. पण हेच दिवस सुगीचे, दांडेलीच्या बाजूनं हत्ती भाताला येतात, गवे आणि अस्वलं तर आहेतच. सगळी जनावरं पहाटे आणि तिन्हीसांजेला पाण्यावर उतरतात, तेव्हा पहिलं तळं ऊन वर आल्यावर गाठायचं आणि शेवटचं तळं चार वाजायच्या आत मागं टाकायचं. दुपारी एक वाजता निम्मी वाट झाली नसेल तर हलशीकडं परत फिरायचं, त्यावर चर्चा नको. आणि निघायच्या आदल्या दिवशी गावात चौकशी करा, हत्ती आलेत असं कोणी म्हणालं तर बेतच रद्द, यात कमीपणा काही नाही.

पालापाचोळ्यात बूड टेकून जेवायला बसू नका. माकडतापाचे गोचीड त्यातच असतात, शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरी भागात हा ताप आलेला आहे आणि त्याचा सीझन डिसेंबरनंतरचा. फुल पँट मोज्यात खोचा, गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल लावा, घरी गेल्यावर अंग तपासून गरम पाण्यानं अंघोळ करा. तळ्याचं पाणी प्यायचं नाही, माणशी तीन लिटर बरोबर न्या. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोची, म्हणजे जनावरांच्या लघवीतनं पाण्यात उतरणाऱ्या तापाची, भीती असते. मोज्यांचे दोन जोड जास्तीचे घ्या, सपाटीवर पाय दिवसभर एकाच जागी घासतो, त्यात ओला मोजा म्हणजे फोड आलाच.

नागरगाळीला फार गाड्या थांबत नाहीत, परतीची वेळ आधी बघून त्याप्रमाणं सकाळी निघायचं. उशीर झाला म्हणून रुळावरनं चालत जायचं नाही, रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली तो गुन्हा आहे, आणि रानातल्या वळणावर गाडी ऐकू येईपर्यंत ती अंगावर आलेली असते. राखीव जंगलाची परवानगी वनखात्याच्या रेंज ऑफिसातनं अगोदर काढा, भीमगडच्या अभयारण्याचे नियम आणखी कडक आहेत. तळ्याच्या बांधावरनं जाताना गावात विचारून जा, आणि तुबाला, म्हणजे तळ्यातनं पाणी सोडायच्या दाराला, हात लावू नका, खालच्या शिवाराला त्याचंच पाणी असतं.