रिंग मोडायची नाही
(बेळगावात बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

कापूर आणि नॅप्थलीनची डांबरगोळी, यातलं अरोमॅटिक कुठलं, सांगा की! कापूर म्हणणाऱ्यांचेच हात जास्त दिसताहेत. पण कापरात बेंझिनची रिंगच नाही. डांबरगोळीत दोन रिंगा एकमेकींना चिकटलेल्या आहेत. तेव्हा वास विसरा, रसायनशास्त्रात अरोमॅटिक म्हणजे बेंझिनसारखी सहा कार्बनची रिंग असलेलं. खानापूर-चंदगडकडं काजूच्या टरफलाचं तेल लागून हात सोलवटतात ना, त्यातलं अनाकार्डिक अ‍ॅसिडही याच कुळातलं.

या कुळाचा हट्ट एकच, रिंग मोडायची नाही. सायक्लोहेक्झिनच्या एका दुहेरी बंधाला हायड्रोजन जोडला की मोलमागं १२० किलोज्यूल उष्णता निघते. बेंझिनच्या रिंगमधल्या तशा तीन बंधांना ३६० निघायला हवी, बेंझिन देतं २०८. हा दीडशेचा फरक म्हणजे त्याचं स्थैर्य. म्हणून ब्रोमीन पाण्याचा रंग सायक्लोहेक्झिन लगेच घालवतं. बेंझिनमध्ये तो नुसता वरच्या थरात चढून बसतो.

आता प्रॅक्टिकल, पॅरा-नायट्रोअ‍ॅसिटॅनिलाइड बनवायचं. जर्नलमध्ये 'थंड ठेवा' एवढंच लिहितात आणि कारण गाळतात, याचा मला मनापासून राग येतो. अ‍ॅनिलीनवर (बेंझिनच्या रिंगला NH₂ गट) थेट नायट्रेशन केलं, म्हणजे रिंगवर नायट्रो गट (NO₂) बसवला, तर अ‍ॅसिडमधला प्रोटॉन घेऊन ते अ‍ॅनिलिनियम होतं, जवळजवळ निम्मं मेटा मिळतं (आधीच्या गटाला लागून ती ऑर्थो जागा, एक सोडून मेटा, समोर पॅरा) आणि बराच माल जळून काळा राळेसारखा होतो. म्हणून आधी अ‍ॅसिटिल गटाचं झाकण घालायचं, की अ‍ॅनिलीनचं अ‍ॅसिटॅनिलाइड होतं. ५ ग्रॅम अ‍ॅसिटॅनिलाइड, ५ मिली ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, त्यात ढवळत १० मिली तीव्र सल्फ्युरिक. मिश्रण तापतं, म्हणून बर्फ-मिठात बसवा. २.२ मिली तीव्र नायट्रिक आणि १.४ मिली सल्फ्युरिक वेगळं मिसळून गार करा आणि थेंबथेंब सोडा. थर्मामीटर १० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही. गेला तर दुसरा नायट्रो गट शिरतो, अ‍ॅसिटिलचं झाकणही सुटू लागतं. मग तासभर बाहेर ठेवून ५० ग्रॅम बर्फाच्या चुऱ्यावर ओता. अ‍ॅसिडवर पाणी कधीच ओतायचं नाही. गाळून गार पाण्यानं अ‍ॅसिड जाईपर्यंत धुवा, मग अल्कोहोलमधून स्फटिक काढा. पिवळा ऑर्थो द्रावणात राहतो, जवळजवळ पांढरा पॅरा खाली बसतो. वितळणबिंदू २१४ च्या आसपास आला नाही, तर पुन्हा स्फटिक काढा.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय आणि जाहीर केलेला ऑर्थो-पॅराचा विषय तर राहिलाच! भराभर सांगतो. नायट्रोनियम (नायट्रिकमधून तयार होणारा धनभारित NO₂⁺) चिकटला की रिंगवर धन भार येतो. ऑर्थो-पॅराला चिकटला तर तो भार आधीच्या गटाच्या कार्बनवरही पसरतो; तिथं मिथिल (CH₃) असेल तर आधार मिळतो, म्हणून मिथिलवाल्या टोल्युइनमध्ये ऑर्थो-पॅरा. तिथं नायट्रो असेल तर धनाशेजारी धन, म्हणून नाइलाजानं मेटा. रिंगवरचं क्लोरीन प्रेरणानं, म्हणजे बंधामधूनच, इलेक्ट्रॉन ओढतं, म्हणून अभिक्रिया मंद. पण स्वतःची इलेक्ट्रॉनची जोडी देऊन तोच भार सावरतं, म्हणून जागा मात्र ऑर्थो-पॅराच. फळा पुसायच्या आत ही शेवटची आकृती उतरवून घ्या.