उचललेलं पाणी, परत दिलेलं पाणी

मित्रहो,

जुलै लागला की पुण्यातल्या वर्तमानपत्रांत एक छोटी चौकट येऊ लागते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार नावं आणि त्यांच्यापुढे टक्के. ती चौकट बघून आपण ठरवतो की यंदा काळजी करायची की नाही. धरणं भरली की चौकट जाते आणि पाण्याचा विषयही संपतो. मला आज त्या चौकटीत कधीच न येणाऱ्या पाण्याबद्दल बोलायचं आहे. पण आधी चौकटीतलं पाणी किती आहे, ते नीट बघू.

खडकवासल्याची साठवण १.९७ टीएमसी, पानशेतची १०.६५, वरसगावची १२.८२ आणि टेमघरची ३.७१. बेरीज २९.१५ टीएमसी. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. पुणे महापालिका रोज १,६०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी उचलते. त्या वेगाने एक टीएमसी साधारण अठरा दिवस पुरतो आणि वर्षाचा आकडा वीस टीएमसीच्या पुढे जातो. पावसाळ्यात शहर जे उचलतं ते येणाऱ्या पाण्यातून भागतं, म्हणून हिशेब थोडा सैल होतो हे मान्य. तरीही या चार धरणांच्या साखळीतल्या पाण्याचा मोठा वाटा शहर घेतं, आणि उरलेल्यावर मुठा उजवा कालवा चालतो.

हा कालवा आपल्या शहराच्या पोटातून जातो. पर्वतीच्या पायथ्याने, स्वारगेटजवळून, हडपसर, लोणी काळभोर, यवत, पाटस करत पार इंदापूरपर्यंत, सुमारे दोनशे किलोमीटर. २७ सप्टेंबर २०१८ला तो दांडेकर पुलाजवळ फुटला आणि गरिबांच्या वस्त्यांत पाणी घुसलं, तेव्हा कित्येक पुणेकरांना त्याची आठवण झाली. दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याला त्याची आठवण रोज असते. कालवा सल्लागार समितीची बैठक कधी आहे, रब्बीची आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या, किती मिळणार, उन्हाळी आवर्तन मिळणार की नाही, यावर त्याचा ऊस, कांदा, जनावरांचा चारा आणि गावची पाणीयोजना अवलंबून असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये शहर आणि कालवा यांच्यात जी ओढाताण होते, तिच्या बातम्या आपण वाचतो. बहुतेक वेळा आपण त्या शहराच्या बाजूने वाचतो.

पानशेत म्हटलं की आपल्याला १२ जुलै १९६१ आठवतो. धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि नदीकाठचं पुणं वाहून गेलं. ते विसरता येणारच नाही. पण त्याच खोऱ्यात पुढे धरणं पुरी झाली तेव्हा मोसे आणि आंबी नद्यांच्या काठची गावं पाण्याखाली गेली, हे या शहराच्या आठवणीत फारसं नाही. त्या धरणग्रस्तांपैकी अनेकांना दौंडकडे, कालव्याच्या लाभक्षेत्रात, म्हणजे कालव्याचं पाणी पोचतं त्या भागात, जमिनी मिळाल्या. घर दिलं, शेत दिलं, त्याच्या बदल्यात कालव्याच्या पाण्यावरची जमीन घेतली आणि आता त्या कालव्याचं पाणी वर्षागणिक कमी होत चाललंय. शहराला पाणी द्यायलाच हवं, पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला, यात मला शंका नाही. पण शहराला जास्तीचं पाणी मागायचं असेल तर या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून मागता आलं पाहिजे.

ते कसं मागता येईल, याचं उत्तर जुन्या करारातच होतं. जलसंपदा खात्याने शहराला ११.५ टीएमसी पाणी मंजूर केलं, तेव्हा एक अट होती. शहराने वापरलेलं पाणी शुद्ध करून त्यातलं ६.५ टीएमसी शेतीला परत द्यायचं. त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल, म्हणजे नदीतलं पाणी पंपाने उचलायची विहीर, बांधलं. तिथून पाणी उचलून जुन्या कालव्यात, ज्याला सगळे बेबी कालवा म्हणतात, त्यात सोडायचं आणि तेवढं धरणाचं पाणी वाचवायचं. कल्पना म्हणून मला ही महाराष्ट्राच्या पाणी नियोजनातली फार मोलाची गोष्ट वाटते. शहर आणि शेती यांच्यात भांडणाऐवजी देवाणघेवाण होऊ शकते, हे तिने कागदावर तरी मान्य केलं.

अडलं कुठे? जॅकवेल नदीतून पाणी उचलतं, आणि मुंढव्यापर्यंत येईतो मुळा-मुठेत शुद्ध केलेलं आणि न केलेलं पाणी एकत्र वाहत असतं. त्यामुळे कालव्यात काळपट, वास येणारं पाणी येतं, अशी लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांची तक्रार वर्षानुवर्षं आहे. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून नदी सुधारण्याची योजना केंद्राने २०१६च्या जानेवारीत मंजूर केली. सुमारे ९९० कोटींची, अकरा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, एकूण ३९६ दशलक्ष लिटर रोजची क्षमता. प्रत्यक्ष बांधकामं मार्गी लागायलाच काही वर्षं गेली आणि तेवढ्यात शहर वाढलं. २०१७मध्ये अकरा गावं आली, २०२१मध्ये तेवीस आली. क्षेत्रफळात पुणे महापालिका मुंबईहून मोठी झाली, याचा आपल्याला अभिमान वाटला. त्या गावांच्या मैलापाण्याच्या नळ्यांचा नकाशा मात्र तेव्हा तयार नव्हता.

आता गणित करू. पुरवलेल्या पाण्यापैकी ८० टक्के पाण्याचं सांडपाणी होतं, असं धरून अभियंते काम करतात. धरणातून उचललेलं वीस टीएमसी घ्या, वाटेतली गळती सढळ हाताने वजा करा, तरी नऊ-दहा टीएमसी सांडपाणी उरतं. शिवाय बोअरचं आणि टँकरचं पाणीही शेवटी त्याच गटारात येतं. म्हणजे पानशेतमध्ये जेवढं मावतं, जवळजवळ तेवढं पाणी दर वर्षी हे शहर वापरून नदीत टाकतं. पानशेतच्या साठ्याचा टक्का आपल्याला तोंडपाठ असतो. या दुसऱ्या पाण्यातलं किती शुद्ध झालं, कुठल्या दर्जाचं झालं, किती परत दिलं, हे सांगणारी चौकट कुठल्याच वर्तमानपत्रात येत नाही, कारण तो आकडा रोज कुणी जाहीरच करत नाही.

आणि हे पाणी नुसतं नदीत जिरत नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसी. सोलापूर शहर त्या पाण्यावर जगतं, तीरावरची कितीतरी गावं जगतात. तिथे पसरणारी जलपर्णी, उन्हाळ्यात हिरवं पडणारं पाणी, यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचा वाटा आहे. आपला नळ खडकवासल्यापासून सुरू होतो हे आपल्याला माहीत आहे. तो सोलापूरच्या नळापर्यंत जातो, हे माहीत करून घ्यायला हवं. म्हणून मी म्हणतो, नियोजनाचा नकाशा महापालिकेच्या हद्दीचा असून चालणार नाही, तो भीमा खोऱ्याचा हवा.

गळतीबद्दल मला थोडं थांबून बोलायचं आहे. शहरात ३५ ते ४० टक्के पाणी हिशेबाबाहेर जातं, असं अनेक वर्षं महापालिकाच सांगत आली आहे. यातलं सगळंच जमिनीत मुरत नाही. काही बेकायदा नळजोडांतून जातं, काही मोजलंच जात नाही, टाक्या भरून वाहतात. पण खालचा आकडा धरला तरी वीसमधले सात टीएमसी होतात. खडकवासला आणि टेमघर मिळून पावणेसहाही नाहीत. समान पाणीपुरवठा योजनेचा गाभा हाच होता. शहराचे १४१ विभाग करायचे, ८२ साठवण टाक्या बांधायच्या, जुन्या वाहिन्या बदलायच्या, प्रत्येक नळाला मीटर बसवायचा. मीटर म्हटलं की लोक बिलाचा विचार करतात. माझ्या मते बिल ही त्याची दुय्यम बाजू आहे. विभागात शिरलेलं पाणी आणि त्या विभागातल्या मीटरांची बेरीज यांच्यात फरक आला की गळती कोणत्या गल्लीत आहे, हे कळायला लागतं. तोवर वॉल्व्हमनच्या अनुभवावर शहर चालतं. त्याचा अनुभव मोठा असतो, पण तो त्याच्याबरोबर निवृत्त होतो.

चोवीस तास पाणी ही चैन आहे, असं समजू नका. पुरवठा थांबतो तेव्हा नळीतला दाब जातो, आणि शेजारून फुटकं गटार जात असेल तर घाण आत ओढली जाते. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडू लागले, तेव्हा संशय पाण्यावरच गेला. नांदेड, किरकटवाडी, धायरी ही गावं काही दूरची नाहीत. खडकवासल्याच्या पायथ्याशी आहेत. त्यांच्या दारावरून शहराचं पाणी वाहत होतं आणि त्यांना मात्र विहिरीचं, गाळण केंद्रातून न गेलेलं, फक्त क्लोरीन टाकलेलं पाणी मिळत होतं. गावं हद्दीत घेताना कर लावायची तारीख ठरते. पाण्याची तारीखही त्याच कागदावर लिहिली गेली पाहिजे.

नवे स्रोत नकोतच, असं मी म्हणत नाही. भामा आसखेडचं पाणी २०२१च्या जानेवारीत पूर्व पुण्याला मिळालं आणि वडगाव शेरी, खराडी, कळस भागातल्या कितीतरी घरांचा त्रास कमी झाला. पण त्या धरणग्रस्तांनी पुनर्वसनासाठी किती वेळा काम अडवलं, हेही लक्षात ठेवा. मुळशीचं पाणी मागितलं जातं. भीमा खोऱ्यात पडलेला पाऊस टाटांच्या धरणांतून वीज करण्यासाठी पश्चिमेला वळवला जातो, हे खरं आहे, आणि त्याचा फेरविचार व्हावा असं मलाही वाटतं. ज्या मुळशीसाठी सेनापती बापटांनी शंभर वर्षांपूर्वी सत्याग्रह केला, तिथलं पाणी पुण्यात येऊन असं हिशेबाबाहेर जाणार असेल, तर ते मागायला आपण कोणत्या तोंडाने जायचं?

पवनेचा प्रसंग तर ताजा आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळीने पाणी नेण्याला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ला द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले, त्यांत एक बाई होती. तांत्रिकदृष्ट्या बंद नळी चांगली. चोरी कमी, प्रदूषण कमी, गळती कमी. पण नदीतून वाहत येणाऱ्या पाण्यावर काठची शेती चालते, विहिरी भरतात. अभियंत्याच्या तक्त्यात जे पाणी ‘वाचलं’ असं दिसतं, ते कुणाच्या तरी विहिरीतून कमी झालेलं असतं. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९पासून दिवसाआड पाणी येतंय, हेही तितकंच खरं. दोन्ही बाजूंची तहान खरी आहे. आता खडकवासला ते फुरसुंगी बोगद्याची योजना आली आहे. कालव्यातला पाझर आणि बाष्पीभवन थांबवून त्यातून दोन टीएमसीहून अधिक पाणी वाचेल, असं सांगितलं जातं. मला ती योजना उपयोगाची वाटते. पण कालव्याच्या पाझरावर आज किती विहिरी जगतात, त्याची मोजणी बोगदा खोदण्याआधी व्हावी आणि वाचलेल्या पाण्यात त्या लोकांचा वाटा लिहून ठेवावा. मावळात हे आधी केलं असतं तर कदाचित ती माणसं आज असती.

भूजलाचं थोडक्यात सांगतो. आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे. भेगांत, झिजलेल्या थरात पाणी मावतं, अखंड खडकात नाही. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन सोसायट्यांत एकीची बोअर चालते आणि दुसरीची कोरडी जाते. टेकड्यांवर पडलेला पाऊस या भेगांतून उतरतो. टेकडीच्या उतारावरचं बांधकाम हा म्हणूनच पाण्याचाही प्रश्न आहे.

आता तुमच्याकडे वळतो, कारण या सभागृहात सोसायट्यांचे अध्यक्ष आणि सचिव बरेच दिसतात. मोठ्या संकुलांत सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प असतो. बिल्डरने तो भोगवटा प्रमाणपत्रासाठी बांधलेला असतो, आणि अनेक ठिकाणी वीजबिल वाचवायला तो बंद ठेवलेला असतो. त्याच सोसायटीत एप्रिलमध्ये टँकरवर लाखो रुपये जातात. उद्या सकाळी खाली जाऊन बघा, तुमचा प्रकल्प चालू आहे का. त्याचं पाणी संडासाच्या टाकीला जोडलेलं आहे का. नसेल तर वेगळी नळी टाकायला काय खर्च येतो, हे पुढच्या सर्वसाधारण सभेत विचारा. नळाला तोटी बसवा, बादलीने आंघोळ करा, हे आपण एकमेकांना सांगतो, आणि ते सांगावंच. पण संडासात धरणाचं गाळलेलं पाणी ओतणं थांबलं तर त्याहून कितीतरी जास्त पाणी वाचेल.

आणि एक मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायला हवी. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आज धरणातला साठा मांडला जातो आणि मग वाटप होतं. तिथे शहराने दुसरा कागदही ठेवावा: मागच्या आवर्तनापासून किती पाणी शुद्ध केलं, मुंढव्याहून किती सोडलं, त्याची तपासणी कुठल्या प्रयोगशाळेने केली आणि त्यात काय निघालं. पुणे, पिंपरी-चिंचवड, कटक मंडळं, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण म्हणजे पीएमआरडीए, सगळ्यांनी आपापला कागद ठेवावा. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, इंदापूरच्या शेतकऱ्याला तो वाचून प्रश्न विचारता यावेत. शहराने वाढीव कोटा मागितला तर तो या परत दिलेल्या पाण्याच्या प्रमाणात मिळावा, असा नियम जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे आपणच, पुणेकरांनी, मागावा. रब्बीच्या नियोजनाची बैठक पावसाळा संपल्यावर होते. निवेदन तयार करायला तेवढे महिने आपल्या हातात आहेत, आणि खाली टेबलावर सह्यांची वही ठेवलेली आहे.