हा कुठला भैरवगड?

मंडळी, परवा आपल्या गडकिल्ल्यांच्या फोटोंच्या ऑनलाइन दालनात एक फोटो आला. कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, काठाशी शेंदूर फासलेला दगड, पाण्यावर शेवाळाची साय. फोटोखाली शब्द एकच, 'भैरवगड'. आता भैरवगड किती, ते इथे बसलेल्यांना तोंडपाठ आहे. मोरोशीचा, शिरपुंज्याचा, कोथळ्याचा, कोयनेच्या रानातला हेळवाकचा, शिवाय खाली सिंधुदुर्गातला नरडव्याचा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेला, त्यामुळे कॅमेऱ्याने आत लिहिलेली तारीख आणि ठिकाण पुसून गेलेलं. पाठवणाऱ्याला विचारलं, तर त्यालाही तो कुणीतरी पाठवलेला. इतकं देखणं टाकं, पण ते ठेवायला आपल्याकडे कप्पाच नाही.

दालन चालवायचं म्हणजे जागा विकत घ्यायची, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. जागेचा हिशेब सोपा आहे. मोबाइलचा एक फोटो चार एमबीचा धरला, तर वीस हजार फोटोंना ऐंशी जीबी लागतात. एका पानावर पन्नास मूळ फोटो टांगले, तर बघणाऱ्याचा दोनशे एमबी डेटा जातो. गडाच्या पायथ्याच्या गावात, जिथे रेंजची मारामार असते, तिथे ते पान उघडणारच नाही. म्हणून चाळीस-पन्नास केबीची लघुचित्रं पानावर आणि मूळ फोटो मागे. शिवाय सगळ्याची एक प्रत वेगळ्या गावात, वेगळ्या माणसाच्या हार्डडिस्कवर. फुकटच्या जागेवर विसंबू नका, हे मात्र कळकळीने सांगतो. फ्लिकरने २०१८ मध्ये मोफत खात्यांसाठी हजार फोटोंची मर्यादा जाहीर केली, गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबली. त्यांचं दुकान, त्यांचे नियम. आपली वर्गणी आणि आपलं डोमेन असलेलं बरं, आणि डोमेनचं नूतनीकरण एकाच्या नव्हे, दोघांच्या लक्षात असलेलं बरं.

खरा घाम निघतो तो नोंदींत. एक उदाहरण देतो. आपल्याकडे सगळ्यात जास्त शोधला जाणारा शब्द 'पायऱ्या'. कातळकोरीव पायऱ्या, उद्ध्वस्त पायऱ्या, सुरुंगाने उडवलेल्या पायऱ्या. काही दिवस शोधात निम्मेच फोटो यायचे. कारण सापडलं ते 'ऱ्या'त. काही कीबोर्ड तो खाली नुक्ता असलेल्या 'ऱ'पासून बनवतात, तर काही साध्या 'र'ला एक अदृश्य चिन्ह जोडून. डोळ्याला दोन्ही अगदी सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. मग साठवताना आणि शोधताना दोन्हींचं एकच रूप करून घेतलं आणि पायऱ्या सापडू लागल्या. हे काम आपलं आपल्यालाच करावं लागतं, कारण पायऱ्यांशी आपल्याइतकं देणंघेणं दुसऱ्या कुणाला नाही.

ठिकाणाबद्दल मी जरा कडक आहे. तारीख नि ठिकाण टिकावं म्हणून फोटो आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. पण आमच्यापर्यंत आलेलं प्रत्येक ठिकाण लोकांपुढे मांडायचं नसतं. कड्यावरचं गिधाडाचं घरटं, रानात सुटी पडलेली मूर्ती, झाडीत दडलेला वीरगळ (वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड), यांच्या अक्षांश-रेखांशाचे आकडे आम्ही जपून ठेवतो. पानावर फक्त तालुका. दोन जण त्यावरून नाराज झाले, तरी हे बदलणार नाही.

हक्काचंही सांगून टाकतो. आपल्या कायद्याने स्वतःच्या हौसेने काढलेल्या फोटोचा मालक काढणाराच. दालनात ठेवला म्हणून तो आमचा होत नाही. काय करू द्यायचं, ते पाठवतानाच एका ओळीत लिहा.

आता एका प्रिंटबद्दल, जिच्यासाठी मी आज बोलायला उभा राहिलो. आपल्यातल्या एका काकांनी १९८७ सालचा एक कृष्णधवल फोटो आणून दिला. आपल्याच तालुक्यातल्या गडाचा दरवाजा. वर गणपती कोरलेली गणेशपट्टी शाबूत, कमानीखाली काठी टेकून उभा असलेला गुराखी, त्याच्या उंचीवरून दरवाजाची उंची सरळ मोजता येते. आज ती पट्टी उंबऱ्यापाशी दोन तुकड्यांत पडली आहे, आणि ती कुठे, कशी बसवलेली होती हे दाखवणारं आमच्याकडे दुसरं काहीच नाही. प्रिंटच्या मागे निळ्या शाईने तारीख, वार, चढाईची वाट आणि बरोबरच्यांची नावं. आम्ही मागची बाजूही स्कॅन केली आणि पुढच्या बाजूशेजारीच लावली.

प्रिंट काकांना परत केली. त्यांच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत असे आणखी तीन अल्बम आहेत, आणि बाजूच्या भिंतीला ओल आली आहे. ज्याच्याकडे चांगला स्कॅनर असेल, त्याने येत्या रविवारी माझ्याबरोबर यावं.