गुच्छाआड दडलेला प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार. ‘ती फुलराणी’ म्हटले की भक्ती बर्वे यांची मंजुळा आपल्यासमोर उभी राहते. पु. ल. देशपांडे यांनी 1975 साली मराठीत आणलेल्या त्या नाटकाचे मूळ, म्हणजे बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’. त्याची गोष्ट आपणांस ठाऊकच आहे: रस्त्यावर फुले विकणाऱ्या एलायझाला प्रोफेसर हिगिन्स पैजेखातर बाईसाहेबांसारखे बोलायला शिकवतो. म्हणून आज मी केवळ नाटकाच्या शेवटाविषयी बोलणार आहे.

11 एप्रिल 1914 रोजी लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरमध्ये हे नाटक प्रथम इंग्रजीत रंगले. एलायझा होत्या मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल आणि प्रोफेसर हिगिन्स होते त्या थिएटरचे चालक हर्बर्ट बीरबोम ट्री. शॉ यांनी लिहिलेल्या शेवटी हिगिन्स एलायझाला हातमोजे आणि टाय आणायला फर्मावतो, “तुमचे तुम्ही आणा” असे सुनावून ती निघून जाते, आणि तो खिशातली नाणी खुळखुळवत एकटाच उरतो. ट्री यांना मात्र प्रेक्षकांना गोड शेवट द्यायचा होता. शंभराव्या प्रयोगाला शॉ येऊन पाहतात तो काय, पडदा पडता पडता हिगिन्स प्रेमभराने एलायझाकडे फुले फेकतो आहे! लेखकाचा एक शब्दही न बदलता साऱ्या नाटकाचा अर्थ उलटा करणारी ती फुले होती. “माझ्या शेवटाने पैसा येतो, तुम्ही आभार मानायला हवेत,” असे ट्री म्हणाले, तेव्हा शॉ उत्तरले, “तुमचा शेवट भयंकर आहे, तुम्हाला गोळी घालायला हवी.” नटाने संहितेपुढे नम्र असावे असे माझे ठाम मत आहे, आणि टाळ्यांसाठी पदरचे घालणाऱ्या आपल्याकडच्या नटांनाही ते लागू आहे.

शॉ एवढे का संतापले? या हसऱ्या नाटकात बाप पाच पौंडांत मुलीवरचा हक्क सोडतो. पैज जिंकल्यावर एलायझाचे कौतुक कोणी करत नाही, हिगिन्स आपल्या सपाता शोधत राहतो. त्या रात्री एलायझा विचारते की अंगावरचे कपडे माझे आहेत की नाहीत, कारण उद्या चोरीचा आळ येऊ नये. आणि ती विचारते, आता मी जाऊ कुठे, करू काय? पूर्वी ती फुले विकत होती, स्वतःला नव्हे, पण बाईसाहेब झाल्यावर तिच्यापाशी विकण्याजोगे दुसरे काही उरलेले नाही. पुन्हा सांगतो, मी जाऊ कुठे, करू काय, हाच नाटकाचा गाभा आहे आणि गुच्छ फेकला की तो प्रश्न कोणाला ऐकू येत नाही.

1916 साली शॉ यांनी पुस्तकाला जोडलेल्या उत्तरकथनात एलायझाचे लग्न तिच्यावर प्रेम करणाऱ्या फ्रेडी या तरुणाशी लावून दिले आणि दोघांना फुलांचे दुकान काढून दिले. तरीही 1938 च्या चित्रपटात अखेरीस ती हिगिन्सच्या घरी परतलीच आणि त्याने पुन्हा सपातांचीच चौकशी केली.