तिसऱ्या भागीदाराची सही

(विलेपार्ले येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

आजचा जाहीर विषय ‘परदेशी भागीदाराची निवड आणि भागीदारीचा कारभार’ असा आहे आणि मी त्याकडे येणारच आहे. मात्र त्याआधी माझा एक जुना हेका आपल्यापुढे मांडू द्यावा. दोन देशांतील कंपन्या हातमिळवणी करतात तेव्हा करारावर सह्या दोघांच्या असल्या, तरी भागीदार तीन असतात. तिसरे असते सरकार. त्याची सही कोणी घेत नाही, पण त्याच्या मनात आले की करारातले एखादे कलम निकामी होते.

टाटा डोकोमो या मोबाइल सेवेचे उदाहरण मी प्रत्येक व्याख्यानात देतो, तेव्हा ज्यांनी ते ऐकले आहे त्यांनी क्षमा करावी. सेकंदाला एक पैसा हा २००९ सालचा दर सभागृहातील बहुतेकांना आठवत असेल. तो दर पाहून घराघरांत बोलणे वाढले, कंपनीचा नफा मात्र वाढला नाही. जपानच्या एनटीटी डोकोमोने २००८च्या नोव्हेंबरात टाटा टेलिसर्व्हिसेसमधील सुमारे २६ टक्के हिस्सा बारा हजार कोटींहून अधिक रुपयांना घेण्याचे जाहीर केले आणि करारात एक अट घालून घेतली. ठरलेली उद्दिष्टे गाठली गेली नाहीत तर पाच वर्षांनंतर डोकोमोला बाहेर पडता येईल आणि टाटांनी तिच्या शेअरना किमान निम्म्या खरेदी किमतीचा ग्राहक मिळवून द्यावा, अशी ती अट होती. अशा करारांना लग्नाची उपमा देण्याची आपल्याकडे प्रथाच आहे, पण सोडचिठ्ठीचा भाव याद्यांच्या वेळीच लिहून ठेवणारे वऱ्हाड मी तरी पाहिलेले नाही.

२०१४ साली डोकोमोने ती अट वापरली. करारानुसार भाव येत होता शेअरमागे सुमारे ५८ रुपये, तर मूल्यमापनात शेअरची किंमत निघाली सुमारे २३ रुपये. भारतीय कंपनीने परदेशी भागधारकाकडून शेअर घ्यायचे तर वाजवी किमतीपेक्षा जास्त देता येत नाही, असा परकीय चलनाचा नियम होता. टाटांनी परवानगी मागितली. रिझर्व्ह बँकेचा कल सुरुवातीला परवानगीकडे होता, अर्थ मंत्रालयाचा नव्हता, आणि शेवटी नकार आला. म्हणजे हा तिसरा भागीदारही एकमुखी नसतो. बॉम्बे हाउस या टाटांच्या मुख्यालयातून निघून हॉर्निमन सर्कलला वळसा घातला की आपण चालत रिझर्व्ह बँकेपाशी पोहोचतो, पण या करारातला वाद मिटवायला लंडनचे लवाद मंडळ लागले.

त्या मंडळाने २०१६ साली डोकोमोला सुमारे ११७ कोटी डॉलर देण्याचा निवाडा दिला. त्याचा तर्क पाहण्यासारखा आहे: ग्राहक मिळवून देण्याची जबाबदारी टाटांनी बिनशर्त घेतली होती, परदेशी ग्राहक आणला असता तर त्याला भावाची ही मर्यादा आडवी आली नसती, आणि म्हणून देय रक्कम ही शेअरची किंमत नसून करारभंगाची भरपाई आहे. टाटांनी पुढे आपला विरोध मागे घेऊन डोकोमोशी समझोता केला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयात रिझर्व्ह बँकच आडवी आली. निवाड्यात आपण पक्षकार नाही, तेव्हा आपल्याला विरोध करता येणार नाही, असे न्यायालयाने २०१७ साली तिला सुनावले. ज्याची सही नाही त्याचा नकार मात्र तीन वर्षे चालला!

‘कायदा बदलल्यास किंवा परवानगी नाकारल्यास काय’ हे कलम मी भागीदारीच्या करारांच्या मसुद्यात घालतो, आणि सहीच्या आदल्या रात्री ते काढले जाते. एका उद्योजकाने तर मला ऐकवले, “साहेब, आत्ताच अपशकुन कशाला?” त्याच मसुद्यात ‘मतभेद झाल्यास दोन्ही अध्यक्षांनी सद्भावनेने चर्चा करावी’ हे वाक्य मात्र दिमाखात राहते. सद्भावना शिल्लक असती तर ते कलम उघडायची वेळच आली नसती.

सरकारचा करही भागीदारीचे गणित असेच बिघडवतो. महिंद्र आणि रेनो यांनी २००५ साली ५१:४९ अशी भागीदारी केली. पुढच्याच वर्षीच्या अर्थसंकल्पाने चार मीटरपर्यंतच्या छोट्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क घटवले, आणि त्यांची लोगन ही गाडी होती त्याहून सुमारे वीतभर लांब. बाजारात येण्याआधीच ती स्पर्धेत महाग ठरली. २०१० साली रेनो बाहेर पडली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जाहीर विषय आता घाईने उरकतो. भागीदार निवडताना भांडवल आणि बाजारपेठ सगळेच तपासतात. समोरच्याचा दुसरा बेत काय, हे तपासावे. होंडा आणि हीरो यांचा हिस्सा सारखाच, २६ टक्के होता, तरी १९९९ साली होंडाने भारतात स्वतःची वेगळी कंपनी काढली, आणि २०१० साली दोघे वेगळे झाले. मॅकडोनाल्ड्सने मुंबई आणि दिल्लीत दोन भागीदारांशी सारखीच निम्मी भागीदारी केली. मुंबईची पुढे सामंजस्याने परवाना पद्धतीवर गेली, तर दिल्लीतले भांडण २०१३पासून २०१९पर्यंत चालले. तेव्हा हिश्श्याच्या आकड्याने फार काही ठरत नाही.

कारभारात तीन गोष्टी आधी पाहाव्यात: व्यवस्थापकीय संचालक कोण नेमतो, हिशेब कोणाच्या माणसाच्या हाती आहेत, आणि सुट्या भागांचा भाव कोण लावतो, कारण लाभांशाआधी नफा तेथूनच निघून जाऊ शकतो. विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मते लागतात, म्हणून पंचवीस टक्क्यांवरचा भागीदार तो अडवू शकतो. २६ या आकड्याचा मोह त्यातूनच येतो. शक्य असेल तेथे भांडवल गुंतवूच नये. बजाज आणि ट्रायम्फ यांची २०२० सालची व्यवस्था शेअर न घेता केलेली आहे, त्यामुळे तेथे शेअरच्या भावाला परवानगी मागण्याचा प्रसंगच येणार नाही. रॉयल्टीचा मुद्दा राहिला. त्याविषयी ज्यांनी चिठ्ठ्या पाठवल्या आहेत त्यांनी खाली जिन्याजवळ थांबावे, कारण सभागृह आता रिकामे करायचे आहे.