दुर्मीळ होण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. आज एका सशाची गोष्ट सांगतो. न्यू इंग्लंड कॉटनटेल त्याचं नाव, वावर अमेरिकेच्या ईशान्येला, शेपटी कापसाच्या बोंडासारखी. गेल्या शतकात तो झपाट्यानं कमी झाला. कारण ऐकून चमकाल: तिथं झाडं वाढली! ओस पडलेल्या शेतांवर आधी झुडपं आली, मग त्या झुडपांच्या जागी उंच जंगल उभं राहिलं. या सशाला हवी दाट, काटेरी जाळी. उंच झाडांखाली सगळं मोकळं, म्हणजे घुबडाला आणि कोल्ह्याला ताट वाढून ठेवलेलं.

सहा राज्यांनी एकत्र येऊन ठिकठिकाणी मोठी झाडं पाडली आणि झुडपी रान पुन्हा वाढू दिलं. खासगी जमीनमालकांना सोबत घेतलं. प्राणिसंग्रहालयात पैदास करून ससे सोडले. २०१५ मध्ये केंद्रीय वन्यजीव खात्यानं ठरवलं, की या सशाला संकटग्रस्तांच्या यादीत घालायची गरज नाही.

सशाचं नाव त्या राज्यांच्या वन्यजीव कृती आराखड्यांत आधीपासून होतं. हे आराखडे आले कुठून? तिथं १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. त्यात शिकारीच्या परवान्यांची भर. साहजिकच लक्ष राहिलं शिकारीच्या प्राण्यांवर. बेडूक, फुलपाखरं, गोड्या पाण्यातले शिंपले बाजूला पडले. शिंपल्यावर बंदूक कोण रोखणार?

म्हणून २००० साली अमेरिकी संसदेनं वेगळा निधी सुरू केला. तो हवा असेल तर २००५ पर्यंत आराखडा द्या, ही अट. राज्यं, बाहेरचे प्रदेश आणि राजधानी धरून ५६ आराखडे झाले. कोणता जीव अडचणीत, त्याचं राहण्याचं ठिकाण कुठं आणि कशा अवस्थेत, उपाय काय, तो लागू पडला हे मोजणार कसं, हे सगळं त्यात लिहावं लागतं. लोकांना विचारणं सक्तीचं, आणि दर दहा वर्षांत निदान एकदा उजळणीही.

माझ्या मते खरी मेख पैशात आहे. हा निधी दरवर्षी नव्यानं मंजूर करून घ्यावा लागतो. वर्षाला अब्जाहून अधिक डॉलर देणारं विधेयक २०२२ मध्ये कनिष्ठ सभागृहात संमत झालं, सिनेटमध्ये अडकलं.

आणि सशासाठी वाढवलेली ती झुडपं? वीस-पंचवीस वर्षांत त्यांचंही जंगल होणार. तेव्हा पुन्हा झाडं पाडावी लागतील, आणि त्याचा खर्च पुन्हा कुणाकडून तरी मागावा लागेल.